रॉक कॉन्सर्टचं तिकीट मिनिटांत का संपतं? आणि अर्धापूरच्या चाहत्याला तिथवर पोहोचायला काय लागतं? समजून घ्या

*ऑनलाइन रांग नेमकी कशी चालते, काळाबाजार कायद्यात का अडकत नाही, नांदेडहून जाऊन यायला किती खर्च येतो आणि फसवणूक झाली तर तक्रार कुठं करायची, याची सगळी माहिती एकाच ठिकाणी.*

२२ सप्टेंबर २०२४. रविवार, दुपारचे बारा वाजत आलेले. कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं बुक माय शोवर खुली होणार होती. बाराला काही मिनिटं बाकी असतानाच साइट आणि अ‍ॅप गडगडलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा अनेकांच्या स्क्रीनवर आकडा दिसला: तुमच्या पुढे लाखो लोक रांगेत आहेत.

आधी दोनच कार्यक्रम ठरले होते, १८ आणि १९ जानेवारी २०२५. गर्दी पाहून २१ जानेवारीचा तिसरा जाहीर झाला. तोही संपला. त्याच दिवशी दुसऱ्या साइटवर तीच तिकिटं कित्येक पट भावानं विकायला आली, काहींची किंमत तर लाखांत.

या रांगेत मुंबई-पुण्याचीच पोरं होती असं समजू नका. नांदेड, लातूर, परभणीच्या हॉस्टेलांत आणि केळीच्या बागांच्या कडेला असलेल्या घरांतही त्या दुपारी मोबाइल चार्जरला लावून कुणी ना कुणी बसलेलं होतं. त्यांच्या वाट्याला काय आलं आणि पुढच्या वेळी काय करता येईल, हे टप्प्याटप्प्यानं पाहू.

अर्धापूरमध्ये रॉकचे चाहते आले कुठून?

अर्धापूर म्हटलं की राज्याला केळी आठवते. नांदेडपासून वीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. इथं गिटार शिकवणारा क्लास शोधावा लागेल, पण रॉक ऐकणारा शोधावा लागत नाही.

यामागं दोन वाटा आहेत. पहिली इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलची. मी शिकत होतो तेव्हा एका खोलीतली हार्ड डिस्क पूर्ण मजल्यावर फिरायची. त्यात सबमिशनच्या फाइल असायच्या, सिनेमे असायचे आणि एका फोल्डरमध्ये लिंकिन पार्क, मेटॅलिका, आयर्न मेडन. इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण बॅकलॉग लागल्यावर लिंकिन पार्क का लावायचं हे कुणी कुणाला समजावून सांगत नव्हतं. या बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ ला गेला, तेव्हा घरचं कुणी गेल्यासारखी शांतता हॉस्टेलात होती.

दुसरी वाट स्वस्त डेटाची. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि हार्ड डिस्कची गरज संपली. लंडनला काल झालेल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आज भोकर फाट्यावरच्या टपरीवर बसून बघता येऊ लागला. चाहता व्हायला आता शहरात राहायची गरज उरली नाही. कार्यक्रमाला जायला मात्र अजूनही शहरच गाठावं लागतं. अडचण सुरू होते ती इथूनच.

मोबाइलवर गाणं येतं, मग जायचं कशाला?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. आपल्याकडचा संवाद साधारण असा असतो:

"कुठं जायलास?"

"मुंबईला, बाबा. कार्यक्रम हाय."

"कोणाचा?"

"इंग्लिश बँड हाय एक."

"आरं, मग त्येंचं गाणं मोबाइलवर येत न्हाई का?"

प्रश्न चुकीचा नाही, पण उत्तरही आपल्या भागात आधीपासून आहेच. कीर्तन मोबाइलवर ऐकता येतं, तरी सप्त्याच्या मांडवात लोक रात्री बाराला दाटीनं बसतात. माळेगावच्या यात्रेतली लावणी नंतर यूट्यूबवर येते, तरी लोक कडाक्याच्या थंडीत तिथं जातात. तमाशाच्या फडामागं गावोगाव फिरणारे रसिक मराठवाड्यानं पाहिलेत. भीमजयंतीला आवडत्या गायकाचा कार्यक्रम कुठं आहे हे कळलं की पोरं टेम्पो करून निघतात.

रॉकचा चाहता याहून वेगळं काही करत नाही. बँड कोणत्या शहरात कोणती गाणी कोणत्या क्रमानं वाजवतोय याची यादी तो रोज बघतो. या यादीला सेटलिस्ट म्हणतात. ड्रमर कधी बदलला, कोणतं गाणं दहा वर्षांत वाजवलं नाही, हे त्याला पाठ असतं. कार्यक्रमात हजारो अनोळखी माणसं तेच शब्द एका वेळी म्हणतात, तेव्हा गावात आपण एकटेच हे ऐकतो ही त्याची भावना काही तासांपुरती का होईना, संपते. लहान गावातल्या चाहत्याला याची किंमत मोठ्या शहरातल्या चाहत्यापेक्षा जास्त असते. शहरात असे चार जण रोज भेटतात. इथं वर्षात एक भेटत नाही.

रॉक कॉन्सर्ट आपल्याकडे नवं आहे का?

नाही. द पोलीस हा ब्रिटिश बँड १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेला. १९८६ पासून मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. धोबी तलावजवळचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह या चाहत्यांचं ठिकाण होतं. रॉक मशीन, म्हणजे पुढचा इंडस क्रीड, याच काळातला मुंबईचा बँड. शेजारी रुग्णालय आणि कॉलेज असल्यानं आवाजाचे नियम कडक झाले आणि रंगभवनातले असे कार्यक्रम थांबले.

पुढची पावलं थोडक्यात अशी:

- १ नोव्हेंबर १९९६: मायकल जॅक्सन, अंधेरी क्रीडा संकुल. रॉक नव्हे, पॉप. पण स्टेडियमभर गर्दीचा परदेशी कार्यक्रम काय असतो हे राज्यानं तेव्हा पाहिलं.
- मार्च २००७: आयर्न मेडन, बंगळुरू. देशभरातून पोरं रेल्वेनं गेली.
- ऑक्टोबर २०११: मेटॅलिकाचा गुरुग्रामचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि चिडलेल्या गर्दीनं मंचाची मोडतोड केली. दोन दिवसांनी बंगळुरूचा कार्यक्रम मात्र पार पडला.
- १९ नोव्हेंबर २०१६: ग्लोबल सिटिझन महोत्सवात कोल्डप्ले, वांद्रे-कुर्ला संकुल.
- १५ डिसेंबर २०१९: यू-टू, डी. वाय. पाटील स्टेडियम, नेरूळ.
- जानेवारी २०२३: लोलापलूझा हा अमेरिकेतला महोत्सव मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर सुरू.
- जानेवारी २०२५: कोल्डप्ले, नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम.
- १७ मे २०२५: गन्स एन रोझेस, महालक्ष्मी रेसकोर्स.

अहमदाबादचे २५ आणि २६ जानेवारीचे कार्यक्रम नरेंद्र मोदी स्टेडियमवर झाले. पश्चिम रेल्वेनं त्यासाठी मुंबईहून खास गाड्या सोडल्या. २६ तारखेचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला गेला. दोनच दिवसांनी, २८ जानेवारीला भुवनेश्वरमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी भाषणात या कार्यक्रमांचा दाखला देत 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा उल्लेख केला. म्हणजे ज्याला घरात "नसते उद्योग" म्हटलं जात होतं, तो विषय आता गुंतवणुकीच्या परिषदेत पोहोचलाय.

तिकीट मिळण्याची शक्यता खरोखर किती असते?

गणित करून पाहू. विक्रीच्या दिवशी १ कोटी ३० लाखांहून जास्त लोक लॉग-इन झाले, असं बुक माय शोनं सांगितलं होतं. डी. वाय. पाटील स्टेडियमची क्षमता सुमारे ५५ हजार. कॉन्सर्टला मंचामागच्या काही जागा जातात आणि मैदानात उभं राहायला काही जागा वाढतात, म्हणून हाच आकडा धरू. तीन कार्यक्रम मिळून साधारण १ लाख ६५ हजार तिकिटं.

एका माणसाला जास्तीत जास्त ४ तिकिटं घेता येत होती. सगळ्यांनी चार-चार घेतली, तर तिकीट घेणारे होतात सुमारे ४१ हजार. १ कोटी ३० लाखांना ४१ हजारांनी भागा. उत्तर येतं ३१५ च्या आसपास. म्हणजे रांगेतल्या साधारण ३१५ जणांमागे एकाचा नंबर लागणार होता. हा ढोबळ हिशेब आहे, पण तिकीट न मिळण्यामागं तुमचा हळू चालणारा मोबाइल हे मुख्य कारण नव्हतं, एवढं यातून नक्की कळतं.

ऑनलाइन रांग चालते कशी? गावातलं नेटवर्क आड येतं का?

एकाच सेकंदाला लाखो लोक आले तर कोणताही सर्व्हर कोलमडतो. म्हणून तिकीट विकणाऱ्या कंपन्या दारात एक 'वेटिंग रूम' ठेवतात. तिचं काम रेशन दुकानाच्या टोकनसारखं असतं.

पहिला टप्पा: विक्रीच्या आधी आलेल्यांना एका पानावर थांबवून ठेवलं जातं.

दुसरा टप्पा: वेळ झाली की प्रत्येकाला रांगेतला क्रमांक मिळतो. अनेक यंत्रणांमध्ये आधीपासून थांबलेल्यांचे क्रमांक सोडतीसारखे वाटले जातात. त्यामुळे अकरा वाजता आलेला पुढे आणि पावणेबाराला आलेला मागे, असं होईलच याची खात्री नसते. बारानंतर आलेले मात्र त्यांच्या मागे लागतात.

तिसरा टप्पा: सर्व्हरला झेपेल तेवढीच माणसं आत सोडली जातात. आत गेल्यावर तिकीट निवडून पैसे भरायला काही मिनिटंच असतात. ती संपली की तिकीट परत सुटतं आणि मागच्याला मिळतं.

म्हणजे क्रमांक मिळताना नेटचा वेग फारसा निर्णायक नसतो. अडचण येते ती शेवटच्या टप्प्यात. वीज गेली, टॉवर गेला, ओटीपी आला नाही, की हातातलं तिकीट जातं. भारनियमन अंगवळणी पडलेल्या आपल्या भागात हा धोका खरा आहे.

रांगेत असताना पान रिफ्रेश करू नये असं सांगतात, त्याचंही कारण हेच. तुमचा क्रमांक ब्राउझरमधल्या एका टोकनला बांधलेला असतो. ते टोकन हरवलं की काही यंत्रणा तुम्हाला नवा माणूस समजून शेवटी उभं करतात.

आणि बॉट? बॉट म्हणजे माणसाच्या जागी फॉर्म भरणारा प्रोग्राम. एक माणूस शेकडो खात्यांतून शेकडो बॉट रांगेत उभे करू शकतो. सोडतीत एक चिठ्ठी टाकणाऱ्यासमोर पाचशे चिठ्ठ्या टाकणारा आला, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेनं २०१६ मध्ये अशा बॉटविरोधात वेगळा कायदा केला. तरी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये टेलर स्विफ्टच्या तिकीट विक्रीत तिथली यंत्रणा कोलमडलीच.

काळाबाजार उघड दिसत होता, मग कारवाई काय झाली?

कोल्डप्लेच्या तिकिटांची मूळ किंमत २,५०० रुपयांपासून ३५ हजारांपर्यंत होती. विक्रीनंतर व्हायागोगोसारख्या पुनर्विक्रीच्या साइटवर त्यांचे भाव भडकले. या साइटशी आपला संबंध नाही, असं बुक माय शोनं सांगितलं आणि पोलिसांकडे तक्रार दिली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही चौकशीला बोलावलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईडीनं कोल्डप्ले आणि दिलजित दोसांझच्या कार्यक्रमांच्या तिकिटांबाबत पाच शहरांत छापे टाकले. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरून बनावट तिकिटं विकली गेल्याचं त्यातून समोर आलं.

मुंबई उच्च न्यायालयातही जनहित याचिका झाली. ऑनलाइन तिकीट विक्रीसाठी नियम करा, अशी मागणी होती. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. कायदा करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

इथंच खरी मेख आहे. तिकीट बनावट असेल तर फसवणुकीचा गुन्हा होतो. पण तिकीट खरं असेल आणि कुणी अडीच हजाराचं पंचवीस हजारांना विकत असेल, तर त्याला थेट लागू पडेल असा ऑनलाइन पुनर्विक्रीचा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही.

इतर देश काय करतात, तेही बघा. जपानमध्ये जून २०१९ पासून आयोजकाच्या परवानगीशिवाय जादा भावानं तिकीट विकण्याचा धंदा करणं हा गुन्हा आहे. आयर्लंडनं २०२१ च्या कायद्यानं मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्त भावानं विकायला बंदी घातली. ब्रिटन सरकारनंही नोव्हेंबर २०२५ मध्ये अशी बंदी आणण्याची घोषणा केली.

एक उपाय कायद्याशिवायही होतो: तिकिटावर नाव छापायचं आणि दारात ओळखपत्र बघायचं. रेल्वे हे आरक्षणाच्या डब्यात कित्येक वर्षांपासून करतेय. नांदेडहून स्लीपरनं जाताना तुमचं आधार बघितलं जातं आणि त्याच्या कितीतरी पट महाग कॉन्सर्टच्या दारात नाव बघितलं जात नसेल, तर प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही, इच्छेचा आहे.

अर्धापूरहून जाऊन यायचा खर्च किती?

डी. वाय. पाटील स्टेडियम नेरूळला, हार्बर मार्गावर. नांदेडहून तिथं जायच्या सोयीच्या वाटा अशा:

- नांदेड-पनवेल एक्स्प्रेस: परभणी, परळी, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पुणे मार्गे रात्रभराचा प्रवास. पनवेलहून हार्बर लोकलनं थेट नेरूळ. लातूरकरांनाही हीच गाडी उपयोगाची.
- देवगिरी, नंदीग्राम, तपोवन एक्स्प्रेस: छत्रपती संभाजीनगर, मनमाड मार्गे मुंबई. पुढे सीएसएमटीहून हार्बर लोकल.
- वंदे भारत: ऑगस्ट २०२५ मध्ये जालन्याची गाडी नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. पहाटे निघून दुपारी मुंबईत. मात्र ती रोज धावत नाही आणि भाडं स्लीपरपेक्षा बरंच जास्त आहे.

आता कमीत कमी खर्चाचा अंदाज मांडू. सगळ्यात स्वस्त तिकीट २,५०० रुपये. स्लीपरनं जाणं-येणं हजाराच्या आत-बाहेर. लोकल आणि रिक्षा २००. दोन दिवसांचं खाणं ६००. डॉर्मिटरीत एक रात्र ७००. एकूण ५ हजार.

केळीचा भाव क्विंटलला हजार रुपये धरला, तर ही झाली पाच क्विंटल केळी. तेच तिकीट काळ्या बाजारात दहापट भावानं, म्हणजे २५ हजारांना घेतलं, तर एकूण खर्च २७,५०० होतो. म्हणजे साडेसत्तावीस क्विंटल. पाच क्विंटलला बाप कुरकुरत का होईना, हो म्हणतो. साडेसत्तावीसला त्यानं हो का म्हणावं? काळाबाजाराचा फटका सगळ्यांत आधी कुणाला बसतो, ते या दोन आकड्यांतून दिसतं. मुंबईच्या चाहत्याचा प्रवास शंभर रुपयांत होतो आणि त्याला मुक्काम करावा लागत नाही. आपल्या पोराचे अडीच हजार तिकिटाआधीच गेलेले असतात.

५०० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या कॉन्सर्ट तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो, हेही लक्षात ठेवा. त्यावर बुकिंगचं शुल्क वेगळं असू शकतं. शेवटच्या पानावरचा आकडा पाहूनच बजेट ठरवा.

स्वस्तातला एक मार्ग कोल्डप्लेनं स्वतः ठेवला होता. 'इन्फिनिटी' नावाची प्रत्येकी २ हजार रुपयांची तिकिटं २२ नोव्हेंबर २०२४ ला विकली गेली. ती जोडीनंच घ्यावी लागत होती आणि जागा कुठली हे कार्यक्रमाच्या दिवशीच कळणार होतं. प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात असं असेलच असं नाही, पण पहिली विक्री हुकली म्हणून लगेच काळ्या बाजारात जाऊ नये, एवढा धडा त्यातून घेता येतो. नवा शो जाहीर होतो, अडवून ठेवलेल्या जागा सुटतात, कार्यक्रम जवळ आला की दलालही भाव पाडतात.

मग नांदेडलाच कार्यक्रम का होत नाही?

गर्दी जमत नाही म्हणून नाही. नांदेडला गुरू-ता-गद्दीच्या सोहळ्याला लाखो भाविक येऊन गेलेत. अडचण वेगळी आहे.

मोठा बँड स्वतःचा मंच, दिवे, ध्वनियंत्रणा आणि स्क्रीन घेऊन फिरतो. हा माल मालवाहू विमानांनी आणि कंटेनरांनी येतो. तो उभा करायला कित्येक दिवस लागतात आणि तेवढे दिवस मैदान अडवून ठेवावं लागतं. शेकडो तंत्रज्ञांची राहायची सोय, आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा विमानतळ, विजेचा मोठा पुरवठा, हजारो लोकांना रात्री तासाभरात घरी पोहोचवणारी लोकल किंवा मेट्रो, हे सगळं एकाच ठिकाणी लागतं. ते मुंबई, बंगळुरू, अहमदाबाद, दिल्ली अशा मोजक्याच शहरांत मिळतं.

मात्र लहान बँडचं तसं नसतं. त्यांना कॉलेजचं सभागृह आणि चांगली ध्वनियंत्रणा पुरते. संतांचे अभंग रॉकच्या वाद्यांवर गाणारा 'अभंग रिपोस्ट'सारखा मराठी बँड याच वाटेनं पुढे आलाय. नांदेड-लातूरच्या कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत डीजेवर जाणाऱ्या पैशातला थोडा भाग अशा बँडकडे वळला, तरी इथल्या पोरांना पहिला लाइव्ह कार्यक्रम पाचशे-सहाशे किलोमीटर न जाता बघता येईल.

तिथं गेल्यावर नेमकं काय असतं?

तिकिटाचे दोन ढोबळ प्रकार असतात. बसायची जागा आणि मैदानात उभं राहायची जागा. मंचासमोर उभं राहणाऱ्यांना पाच-सहा तास पायावर काढावे लागतात. पुढची जागा हवी असेल तर दुपारपासूनच दारात रांग लागते.

कोल्डप्लेच्या कार्यक्रमात प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा दिला होता. गाण्याबरोबर अख्ख्या स्टेडियमचे पट्टे रंग बदलायचे. यामागं जादू नाही. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तसे इन्फ्रारेड किरण मंचाकडून सोडले जातात आणि पट्ट्यातला सेन्सर त्या इशाऱ्यावर दिवा लावतो. प्रत्येक माणूस म्हणजे स्क्रीनवरचा एक ठिपका. कार्यक्रम संपला की पट्टा परत करायचा असतो.

कार्यक्रम रात्री दहाच्या आसपास संपतात, कारण देशातल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत खुल्या जागेत लाउडस्पीकरला बंदी आहे. गावातल्या वरातीला लागू असलेला नियम जगप्रसिद्ध बँडलाही लागू असतो.

कान आणि गर्दी: या दोन गोष्टी हलक्यात घेऊ नका

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. संघटनेच्याच हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, १०० डेसिबलचा मात्र फक्त २० मिनिटं. कॉन्सर्ट दोन तासांचा असतो. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग खिशात ठेवा. गाणं ऐकू येतं, कानात शिट्टी राहत नाही. स्पीकरच्या अगदी समोर उभं राहू नका.

गर्दीचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात चेंगरून १० जणांचा जीव गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या विद्यापीठात कार्यक्रमाआधीच्या चेंगराचेंगरीत ४ जण दगावले. आत गेल्या गेल्या बाहेर पडायचे दोन मार्ग बघून ठेवा. गर्दीचा रेटा वाढला तर दोन्ही हात छातीपुढे घेऊन श्वासाला जागा ठेवा आणि रेट्याच्या विरुद्ध न जाता तिरकं-तिरकं कडेला सरका. सोबत्यांशी भेटायची जागा आधीच ठरवा, कारण एवढ्या लोकांत मोबाइल लागत नाही.

तिकीट काढण्याआधी हे करा

- अ‍ॅपवर खातं, मोबाइल क्रमांक आणि पैसे भरण्याचा पर्याय आदल्या दिवशीच नोंदवून ठेवा.
- विक्रीच्या किमान अर्धा तास आधी वेटिंग रूममध्ये या. त्यानंतर पान रिफ्रेश करू नका.
- वायफाय असेल तरी दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी ठेवा. पॉवर बँक भरलेली असू द्या.
- यूपीआयची दिवसाची मर्यादा तपासा. चार तिकिटांचे पैसे एकदम जाणार आहेत.
- तिकीट हाती आल्याशिवाय लॉजचं पैसे परत न मिळणारं बुकिंग करू नका. रेल्वेचं आरक्षण मात्र आधी काढता येतं, रद्द केल्यावर थोडेच पैसे कापले जातात.
- तिकिटाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नका. त्यावरचा क्यूआर कोड कुणीही चोरून वापरू शकतो.
- अनोळखी माणसाकडून टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर तिकीट घेऊ नका. त्यानं पाठवलेला स्क्रीनशॉट एकाच वेळी वीस जणांना विकलेला असू शकतो आणि दारात पहिला पोहोचेल तोच आत जातो.

फसवणूक झाली तर?

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे समोरच्या खात्यातच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा नंबर जपून ठेवा.

कार्यक्रम रद्द झाला आणि आयोजक पैसे देत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथंही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग. मुंबईच्या कंपनीविरुद्ध लढायला मुंबईलाच जावं लागेल, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे अर्धापूरच्या माणसाला नांदेड पुरेसं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, ती ऑनलाइनही करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही.

अडीच हजारांच्या तिकिटासाठी एवढं कोण करतं, असं वाटेल. पण अशा तक्रारी होत नाहीत म्हणूनच नियम करायची कुणाला घाई वाटत नाही. एक कोटी तीस लाख लोक एका दुपारी रांगेत उभे राहिले होते. त्यातले नांदेडचे किती, लातूरचे किती, हे कुठंही नोंदलेलं नाही. ग्राहक आयोगात आलेली तक्रार मात्र तालुका आणि गावाच्या नावानिशी नोंदली जाते.